गोधडीखालची थंडी

ईशान आणि रेवा, पुण्याहून आम्ही भल्या सकाळी निघालो. मे महिन्यात ऊन चढायच्या आत निम्मा रस्ता मागे टाकावा, हा तुमच्या या आजीचा जुना नियम. गाडी मेधा चालवत होती. मेधा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, तुमची ती मावशी, जी कुणाच्याही घरी गेली की पाणी पिण्याआधी फ्रीजवरचे स्टार बघते. तिची नोकरीच तशी आहे. कोणत्या यंत्राने किती वीज खाल्ली तर त्याला किती स्टार द्यायचे, हे दिल्लीत ठरतं. पण ते ठरवण्याआधी, लोक ते यंत्र खरोखर कसं वापरतात हे कुणीतरी जाऊन बघावं लागतं. ते बघणारी मेधा.

या वेळी कोणतं यंत्र, असं मी विचारलं तेव्हा तिने आधी गिअर बदलला. मग म्हणाली, शवपेटी.

तुम्ही ती पाहिली नसेल. माणसाच्या लांबीची पेटी, वर काच, पायाकडच्या बाजूला फ्रीजसारखं यंत्र. माणूस गेला आणि मुलगा परदेशात असला, की त्याच्या येण्यापर्यंत देह त्यात ठेवतात. पूर्वी बर्फाच्या लाद्या आणत. आता तालुक्या-तालुक्यात एखाद्या मंडळाकडे अशी पेटी असते. गावोगावची मुलं लांब गेली तशा पेट्या वाढल्या, आणि दिल्लीला प्रश्न पडला की यांना स्टार द्यायचे का आणि कशावरून. मी आयुष्यभर कॉलेजात उष्मागतिकी, म्हणजे थर्मोडायनॅमिक्स शिकवली, तीही इंग्रजीतून, खडू-फळ्यावर. म्हटलं, मीही येते.

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत शिंदे यांचं शेड आहे. शिंदे आधी फ्रीजदुरुस्ती करत, आता या पेट्या बनवतात. आम्ही पोहोचलो तेव्हा ते गेटवर नव्हते. दार उघडं होतं म्हणून मी आत गेले. आत माणूस कुणी दिसेना. सात-आठ पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि सगळ्या चालू होत्या. सगळ्यांची मिळून एकच हलकी घरघर. मी दोन पेट्यांच्या मधून चालले होते, तेवढ्यात माझ्या घोट्यांना गरम वारा लागला. पातळाचा काठ हलला. पुढच्या पेटीपाशी पुन्हा तसाच वारा. प्रत्येक पेटीच्या पायथ्याशी एक जाळी होती आणि प्रत्येक जाळी श्वास सोडत होती.

शेवटच्या पेटीत चौकटीचा शर्ट घातलेला एक माणूस झोपला होता.

मी किंचाळले नाही, पण मेधाचा दंड धरला एवढं खरं. मागून शिंदे आले. रुंद बांध्याचे, पन्नाशीचे, कपाळावर घाम. "घाबरू नका मावशी," ते म्हणाले, "ते आमचं पाव्हणं हाय."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. पेटीची परीक्षा रिकामी ठेवून होत नाही. म्हणून पाण्याच्या पिशव्या पोत्यात शिवून माणसाएवढं वजन करतात, ते आत ठेवतात आणि गार व्हायला किती वेळ लागतो ते बघतात. एका कामगाराने थट्टेत त्या पोत्याला आपला जुना शर्ट चढवला. सगळे हसले. आता तो शर्ट उतरवायला मात्र कुणी तयार होत नाही.

मुलांनो, तो गरम वारा कुठून येतो हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. थंडी नावाची वस्तू जगात नसते. असते ती उष्णता. पेटी थंडी तयार करत नाही, ती आतली उष्णता उपसून बाहेर टाकते, विहिरीतलं पाणी मोटेने उपसावं तशी. उष्मागतिकीचा पहिला नियम सांगतो की काही नाहीसं होत नाही. आतून काढलेलं बाहेर आलंच पाहिजे. दुसरा नियम सांगतो की काही होतं तसं राहत नाही. उष्णता आपण होऊन उबेकडून गारव्याकडे जाते, तिला उलटं न्यायचं तर वीज खर्चावी लागते, आणि त्या विजेचीही शेवटी उष्णताच होते. दिल्लीतली सगळी धोरणं म्हणजे या उलट्या वाटेसाठी किती खर्च करायचा यावरची घासाघीस. ती घासाघीस माणसामाणसांत चालते. नियम त्यात भाग घेत नाहीत.

शिंद्यांचं दुखणं वेगळं होतं. मेधाने त्यांना विचारलं की वर एवढी मोठी काच कशाला, तिच्यातून बाहेरची उष्णता सारखी आत शिरते. काच लहान केली आणि जाड पफ, म्हणजे फ्रीजच्या भिंतीत असतो तो फोम, भरला तर निम्म्या विजेत काम होईल. शिंदे म्हणाले की त्यांनी तशी पेटी केली होती, मंडळाने परत पाठवली. लोकांना माणूस दिसायला हवा. "ताई, झाकायचंच आसतं तर मातीच हाय की," ते म्हणाले. मेधाने ते वहीत लिहून घेतलं.

तेवढ्यात त्यांना खर्ड्याहून फोन आला. तिथल्या मंडळाच्या पेटीत काल संध्याकाळपासून एक देह होता आणि आत्ताच पेटी बंद पडली होती. वीज आहे, पण यंत्र चालत नाही. मुलगा दिनकर मस्कतहून निघाला आहे, संध्याकाळपर्यंत गावात पोहोचेल. शिंद्यांनी हत्यारांची पिशवी उचलली. मेधाने माझ्याकडे पाहिलं. यंत्र खरोखर कसं वापरतात तेच तर तिला बघायचं होतं. आम्ही त्यांच्या टेम्पोमागे गाडी घातली.

नगर ओलांडायला वेळ लागला. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, पण चौकातला रिक्षावाला नगरच म्हणतो. जामखेड रस्त्याला लागलो तशी झाडं विरळ झाली. लांबच्या टेकडीवर पवनचक्क्या होत्या, एकही पातं हलत नव्हतं. नांगरून टाकलेली रानं, वर पांढरं आभाळ, रस्त्यावर सावली अशी नाहीच. मध्ये रस्ता थोडा वेळ बीड जिल्ह्यात शिरतो आणि पुन्हा नगरमध्ये येतो. तिथेच आमच्या गाडीचा एसी बंद पडला. काचा खाली केल्या तर भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा आत आला. मेधा म्हणाली की निदान तुझ्या दुसऱ्या नियमाचा अनुभव मिळाला.

वाटेत तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली, तीही तुम्हाला सांगते. कोळसा जाळून वीज करताना त्यातली बरीचशी उष्णता, ढोबळ मानाने तीनातले दोन वाटे, धुराड्यातून आणि गार करण्याच्या पाण्यातून निघून जाते. इंजिनिअर वाईट असतात म्हणून नव्हे. तो नियमाचा कर आहे, तो कुणाला चुकत नाही. म्हणून खेड्यातल्या घरात जेवढी वीज वाचते, त्याच्या तिप्पट ऊर्जेचा कोळसा खाणीत वाचतो. सरकार पंख्या-फ्रीजच्या मागे का लागतं, त्याचं कारण हे. वाचवायची तर टोकाला, जिथे माणूस बटण दाबतो तिथे. "आणि या वेळी टोकाला कोण आहे ते बघ," ती म्हणाली.

खर्ड्यात शिरताना किल्ल्याची तटबंदी दिसते. भर दुपारी तिच्या दगडांवरून हवा थरथरत होती, त्यामुळे अख्खा तट पाण्याखाली असल्यासारखा हलत होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. एका गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली पुरुष बसले होते, टोप्या मांडीवर. तेच घर.

गेलेल्या माणसाला गाव गिरणीवाले अण्णा म्हणत असे. पिठाची गिरणी चालवण्यात आयुष्य गेलं. गिरणीच्या उबेची सवय लागलेली, त्यामुळे म्हातारपणी त्यांना सारखी थंडी वाजायची. वैशाखातसुद्धा अंगावर गोधडी लागे. हे सगळं आम्हाला त्यांचे थोरले भाऊ, भाऊसाहेब यांनी सांगितलं, आणि ते रागावून सांगितलं, कारण तोच सगळ्या घोटाळ्याचा उगम होता.

आतल्या खोलीत भिंतीशी पेटी होती, पण पेटी दिसतच नव्हती. तिच्यावर एक मोठी, जाड गोधडी घातलेली होती. आजारी माणसाला पांघरूण घालतात तशी चारी बाजूंनी नीट खोचलेली. पायाकडे तर दुहेरी करून खोचली होती. आणि तिथेच, पेटीच्या पायथ्याशी, भिंतीला टेकून अण्णांच्या पत्नी हौसाबाई बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर. डोळे कोरडे होते. काल संध्याकाळपासून त्या रडल्या नव्हत्या आणि खोली सोडून कुठे गेल्याही नव्हत्या, असं बाया कुजबुजत होत्या.

शिंद्यांनी पायाकडची गोधडी वर केली आणि जाळीला हात लावला. चटका बसून हात मागे घेतला. उष्णतेला बाहेर जायला वाटच उरली नव्हती. यंत्र आपल्याच उष्णतेत गुदमरून बंद पडलं होतं. गोधडी कुणी घातली ते विचारायची गरज नव्हती. हौसाबाई स्वतःच म्हणाल्या, "रातभर गार काचंखाली पडलेत. त्यास्नी सोसत न्हाई, म्हून पहाटं घातली."

भाऊसाहेब दारातून म्हणाले की या बाईने जिवंतपणी त्याला उकाड्यात घातलं आणि आता मेल्यावरही सोडत नाही. कुणी हसलं नाही.

शिंद्यांनी गोधडी काढायला लावली, पेटी भिंतीपासून ओढली, जाळी मोकळी केली, यंत्र निवू दिलं. मग आतलं तापमान बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पुन्हा बघितलं. सकाळपासून यंत्र बंद, बाहेर एवढी काहिली, म्हणजे एव्हाना आत बरंच तापलेलं असायला हवं होतं. तसं झालं नव्हतं. आत अजून चांगलाच गारवा होता. त्यांना कळेना. मला मात्र कळलं. ज्या गोधडीने यंत्र बंद पाडलं होतं, तिनेच सकाळभर अण्णांना राखलं होतं.

थोड्या वेळाने यंत्र घरघरलं आणि चालू झालं. जाळीतून गरम वारा सुटला. तेव्हा मी एक गोष्ट पाहिली. हौसाबाईंनी पाय लांब केले आणि तळवे जाळीसमोर धरले. त्यांचा चेहरा सैल झाला. काल रात्री त्या इथेच का बसून राहिल्या होत्या, ते माझ्या ध्यानात आलं. मी शेजारी टेकले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काल लई ऊब येत हुती ह्यांची. पहाटंपासनं कमी झाली."

आता मी त्यांना काय सांगायचं होतं? मनातल्या मनात मी सगळं मांडून बघितलं. पेटीने अण्णांच्या देहातली उष्णता उपसली आणि या जाळीतून खोलीत सोडली. काल संध्याकाळी तो देह अजून कोमट असणार. रात्र चढत गेली तशी त्यांची ऊब थोडी थोडी करून या बाईच्या तळव्यांना लागत गेली, आणि पहाटेला ती संपत आली. तिने म्हटलं ते अक्षरशः खरं होतं. मी इतकी वर्षं पहिला नियम शिकवला. तो असा पायाला लागतो, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

आणि तेवढ्यात वीज गेली.

पंखा थांबला, पेटीचा आवाज थांबला. गल्लीतले सगळे कूलर एकदम थांबले असावेत, कारण बाहेरही अचानक इतकी शांतता झाली की लिंबाचं पान पडलेलं ऐकू यावं. जाळीतला वारा बंद झाला. हौसाबाईंनी पाय जवळ घेतले, क्षणभर वाट बघितली आणि मग छाती फुटावी तशा रडू लागल्या. "गेले," त्या म्हणाल्या. "आत्ता गेले." बायांनी त्यांना सावरलं. कालपासून न आलेलं रडू आलं म्हणून एकदोघी सुटकेने रडल्या. मी मात्र त्या जाळीकडे बघत राहिले. या बाईच्या लेखी तिचा नवरा माझ्यासमोर, आत्ता, या दुपारी गेला होता.

डीपी, म्हणजे गल्लीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाल्याचं कळलं. दुरुस्तीला माणूस निघाला होता, पण कधी पोहोचेल सांगता येत नव्हतं. लग्नसराई असल्यामुळे जनरेटर कुणाचाच मोकळा नव्हता, आणि शेजारच्या इन्व्हर्टरवर ही पेटी चालेना. भाऊसाहेबांनी सरळ सांगितलं की आता थांबण्यात अर्थ नाही. या काचेच्या पेटीत, या उन्हात, देहाची काय गत होईल हे काय सांगायला हवं? माती उरकून घ्यावी. दिनकर आला की त्याला राख दाखवू. लोक उठायला लागले. कुणीतरी दिनकरला फोन लावला. तो मुंबईहून निघून नुकताच पुणं ओलांडत होता. फोनवर त्याने काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. फोन धरणाऱ्याने फक्त मान खाली घातली.

मग मी बोलले. म्हटलं, भाऊसाहेब, गोधड्या आणा. घरात असतील तेवढ्या.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "बाई, आत्ता म्हनला गोधडी काढा, आता म्हनता घाला. एक काय ते ठरवा की."

मी त्यांना म्हटलं की गोधडी ऊब देत नाही. ती फक्त वाट अडवते. आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही म्हणून आपल्याला ती उबदार वाटते. इथे आत गारवा आहे आणि बाहेर काहिली. बाहेरची उष्णता ती आत जाऊ देणार नाही. मघाशी यंत्र चालू होतं, त्याला श्वास सोडायला जागा हवी होती. आता यंत्रच बंद आहे, आता सगळीकडून झाका. शिंदे पुढे झाले आणि म्हणाले की सकाळी नेमकं हेच झालं असणार, मावशी म्हणतात ते बरोबर आहे. पण त्यांचा आवाज पुरता ठाम नव्हता. मीही नव्हते. नियम मी फळ्यावर मांडले होते, कुणाच्या बापावर कधी लावले नव्हते.

भाऊसाहेबांनी लिंबाखालच्या माणसांकडे पाहिलं, मग किल्ल्याकडे. म्हणाले, ऊन सरकत बुरजाच्या माथ्याला टेकेपर्यंत थांबतो. त्याच्यापुढे नाही. आणि वास आला तर तेवढंही नाही.

गल्लीतल्या घराघरांतून गोधड्या आल्या. जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या, हिरव्या-जांभळ्या ठिगळांच्या, उभ्या-आडव्या धावदोऱ्याच्या. शेजारची एक म्हातारी आपली गोधडी देताना म्हणाली की ही धुतलेली आहे हां, अण्णा फार नाक मुरडायचे. पहिली गोधडी हौसाबाईंनी स्वतः घातली. सकाळचीच, अण्णांची. या वेळी त्यांना कुणी अडवलं नाही. मग एकावर एक चढत गेल्या. काच दिसेनाशी झाली, पेटी दिसेनाशी झाली, शेवटी खोलीच्या मध्यभागी नुसता रंगीत ढिगारा उरला.

ती दुपार मी विसरणार नाही. पंखा नाही, खिडक्या बंद, कारण मीच बंद करायला लावल्या होत्या. अंधार आणि घाम. माणसं दर्शनाला येत, चेहरा कुठे दिसतोय का ते शोधत, मग गोधड्यांनाच हात जोडत आणि बाहेर जात. एक बाई त्या ढिगाऱ्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाली की आत कुणी आहे का तरी, आणि तिच्या सासूने तिला कोपर मारलं. आत काय चाललंय, हे कुणालाच कळायला मार्ग नव्हता. पेटीवरचा आकडा विजेबरोबर गेला होता. उघडून बघावं तर बघण्यानेच बिघडणार. भाऊसाहेब दोनदा आत आले, नाक पुढे करून उभे राहिले, परत गेले. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी वरच्या गोधडीला हात घातला. निदान एकदा बघू द्या म्हणाले, माझा पाठचा भाऊ आहे.

मेधा मधे उभी राहिली.  मी म्हटलं, "भाऊसाहेब, ज्याला बघायचंय तो अजून रस्त्यावर आहे. त्याच्या वाटचं आपण आत्ता खर्चून टाकू."

त्यांनी हात काढून घेतला. मग ते तिथेच, गोधड्यांशेजारी, जमिनीवर बसले आणि उठले नाहीत.

ऊन तटावरून वर सरकत होतं. बाहेर बांबू, सुतळी, मडकं येऊन पडलं होतं. बुरजाचा माथा तेवढा पिवळा राहिला तेव्हा गल्लीत जीप थांबली.

दिनकर चाळिशीचा, वडिलांसारखाच बारीक. तो कुणाच्या गळ्यात पडला नाही. आत येऊन त्या ढिगाऱ्याकडे बघत उभा राहिला, आणि मग एखाद्या झोपलेल्याला उठवावं तशा हळू हाताने गोधड्या काढायला लागला.  मी भिंतीला पाठ लावून उभी होते. एक निघाली, दुसरी निघाली. प्रत्येक खालची गोधडी वरचीपेक्षा गार लागत असणार, कारण मधेच तो थांबला आणि एक गोधडी गालाला लावून बघितली. शेवटची, अण्णांची गोधडी काढली, आणि काच दिसली.

काचेवर भराभर दव धरलं. आमच्या सगळ्यांच्या श्वासांची वाफ त्या काचेवर येऊन बसत होती. गार नसलेल्या काचेवर दव धरत नाही. शिंद्यांनी डोळे मिटले. मी मेधाचा हात घट्ट धरला. दिनकरने तळव्याने काच पुसली, वाकला, आणि वडिलांचा चेहरा बघितला. चेहरा होता तसाच होता. काच पुन्हा धूसर झाली, त्याने पुन्हा पुसली. असं तो बराच वेळ करत राहिला. शेवटी भाऊसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पुरुष अण्णांना घेऊन गेले. बाया घरात राहिल्या, तशी इथली रीत आहे. मीही राहिले. उंबऱ्यापर्यंत जाऊन आलेल्या हौसाबाई रिकाम्या पेटीपाशी येऊन बसल्या.  बाहेर दिवेलागणीचा उजेड उरला होता. आणि एकदम पंखा फिरायला लागला, आणि पेटी आपोआप घरघरली.

दोघीतिघी दचकून मागे सरल्या. एक तर बाहेरच गेली. पेटीचं झाकण लागलेलं होतं, आत कोणी नव्हतं, आणि जाळीतून गरम वारा येत होता. हौसाबाईंनी सवयीने पाय पुढे केले. मग मला विचारलं, "बाई, आत तर कुनीच न्हाई. मग ह्यो वारा कुठनं येतो?"

मी खोटं सांगू शकले असते. खरं सांगायचं तर दुपारभर गोधड्यांतून, झाकण उघडल्यावर हवेतून, या खोलीतली थोडी उष्णता पेटीत परत शिरली होती, आणि यंत्र आता तीच बाहेर टाकत होतं. आणि या खोलीच्या भिंतींत, जमिनीत काल रात्रीची ऊब मुरलेली होतीच. वेगळी काढून दाखवता येणार नाही अशी, पण नाहीशी न झालेली. मी म्हटलं, "घरातनंच गेलेली आहे, घरालाच परत येतेय."

त्यांनी मान हलवली. शिंदे पेटीचं बटण बंद करायला आले होते, ते दारातच थांबले. त्यांनी बराच वेळ बंद केली नाही.

रात्री परत निघण्याआधी कडू घास (माती करून आल्यावर शेजाऱ्यांनी द्यायचं जेवण) आमच्याही पानात आला. लिंबाचं पान, पिठलं, बाजरीची भाकरी. भाऊसाहेबांनी स्वतः वाढलं. वाढताना म्हणाले की गोधड्या कुणाच्या कुठल्या ते आता बायांनाच सापडत नाही, त्यावरून उद्या भांडणं होणार. ते त्या दिवसातलं त्यांचं पहिलं हसू होतं.

परतीच्या वाटेवर मेधाने गाडीच्या काचा खाली केल्या. मग म्हणाली की प्रयोगशाळेत झाकण लावून, वीज अखंड देऊन ही पेटी किती वीज खाते ते मोजतात आणि त्यावर स्टार देतात. वीज गेल्यावर ती किती वेळ तग धरते, हे दिल्लीने विचारायला हवं. ती तसं लिहिणार आहे. झाकायचंही आणि बघायचंही, याला नियमात उत्तर नाही, पण काचेवर घालायचं एक जाड पांघरूण पेटीबरोबरच द्यावं, जाळी मोकळी ठेवून बसेल असं बेतलेलं. शिंद्यांनी ते कबूल केलं आहे. त्यांचं म्हणणं एवढंच की ते कारखान्यातल्या फोमचं नको, गोधडीचंच असावं, म्हणजे घरची माणसं ते काढून फेकणार नाहीत.

मी पुण्याला सुखरूप पोहोचले. तुम्ही दोघं लांब आहात आणि मी नीटनेटकी बाई आहे, तेव्हा हेही लिहून ठेवते. माझ्या वेळी पेटी आणाल तर ती भिंतीपासून हातभर पुढे ठेवायला सांगा. यायची घाई करताना गाडी वेगात हाकू नका, पुरेशा गोधड्या घरात आहेत. आणि तुम्ही याल तेव्हा कुणी माझ्या पायांशी बसलेलं असेल, तर त्याला उठवू नका.